वाट आहे, हे कळवतो

परत आल्यापासून जो तो विचारतो, "बुलढाण्याला काय पाहिलंत? लोणारचं सरोवर पाहिलंत ना?" नाही पाहिलं. सिंदखेडराजालाही गेले नाही. नाताळच्या सुट्टीतले आठ दिवस मी त्या जिल्ह्यात काढले आणि तिथे पाहिली ती एक पायवाट. लांबी म्हणाल तर दोन शेतांएवढी. तिच्यावर लिहिण्यासारखं काय असणार, असं आमच्या शिक्षक-खोलीत सगळ्यांचं मत पडलं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

मी पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत एकवीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवते. "हक्क म्हणजे राज्यसंस्थेने मान्य केलेली व संरक्षण दिलेली मागणी" ही व्याख्या माझ्या हाताखालून गेलेल्या कोणत्याही मुलीला झोपेतून उठवून विचारा, ती घडाघडा म्हणेल. जगातल्या राष्ट्रांनी मिळून मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, तेव्हा मी तो वर्गात वाचून दाखवला होता. वर हेही सांगितलं होतं की, छान आहे, पण पाठीशी सरकार नसेल तर यातलं एकही कलम कुणाच्या उपयोगाचं नाही.

माझी जुनी विद्यार्थिनी सिंधू आता धामणगाव बढ्याला ग्रामसेविका आहे. दिवाळीनंतर तिचं पत्र आलं. "बाई, इथे नाल्यापलीकडे एक वाडी आहे, तिला सरकारच नाही. तुमच्या व्याख्येप्रमाणे तिथल्या माणसांना एकही हक्क असायला नको. एकदा येऊन त्यांना तसं सांगून जा." ही मुलगी शाळेतही अशीच आगाऊ होती. मी तिकीट काढलं.

मलकापूर ते धामणगाव

मलकापूरला उतरले तेव्हा सकाळची थंडी अंगात भरत होती आणि स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी मला नाव, गाव, पगार आणि मुलंबाळं एवढं सगळं पहिल्या पाच मिनिटांत विचारून घेतलं. पुण्यात वीस वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसाला जे ठाऊक नसतं, ते त्यांना मोताळ्याच्या आधी ठाऊक झालं होतं. माझं लग्न झालेलं नाही हे कळल्यावर त्यांनी "बरं केलं" असं म्हणून मला हरभऱ्याचे घाटे सोलून दिले.

समोर अजिंठ्याच्या डोंगराची रांग, अलीकडे काळी जमीन, वेचणीला आलेला शेवटचा कापूस आणि मधून मधून तुरीचे पट्टे. धामणगावला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सिंधू हसत म्हणाली, "बाई, उद्या तिकडे चप्पल लागणारच आहे, आजच शिवून घेऊ." ती असं का म्हणाली ते दुसऱ्या दिवशी कळलं.

नाल्यापल्याड

वाडीला स्वतःचं नाव नाही. धामणगावची माणसं "नाल्यापल्याडचे" म्हणतात. अकरा घरं, बहुतेक माळ्यांची, भाजीपाल्यावर जगणारी. जुन्या नकाशात नाला वाडीच्या एका अंगाने वाहत होता. कुण्या एका पुरात त्याने पात्र बदललं आणि वाडी दोन गावांच्या शिवेवर लोंबकळत राहिली. इकडचा पटवारी म्हणतो, ही वाडी तिकडच्या गावात येते. तिकडचा म्हणतो, इकडच्या. कागद आधी नागपूरला होते, मग राज्य बदललं तेव्हा ते मुंबईकडे निघाले, मग पुन्हा राज्य बदललं. महाराष्ट्र झाल्यालाही आता दीडएक वर्ष झालं, पण कागद काही पोचले नाहीत. शाळा नाही, कोतवाल नाही. सिंधूच्या गावांच्या यादीतही ही वाडी नाही. ती रविवारी स्वतःच्या हौसेने जाते.

वाडीत शिरताच एक बाई मेथीच्या जुड्या बांधताना दिसली. वय पंचेचाळीसच्या आसपास, पदर कमरेला खोचलेला. ही गयाबाई. मी पुस्तकी उत्साहाने विचारलं, "इथे सरकारचं कुणीच नाही का हो?"

"हाये ना वो," गयाबाई मान वर न करता म्हणाली, "सरकार आता जेवून राह्यले. तासाभरानं भेटतीन."

सिंधू पोट धरून हसायला लागली. सरकार म्हणजे शेजारच्या शेताचे मालक देशमुख. त्या भागात सगळी माणसं त्यांना सरकारच म्हणतात. एकवीस वर्षं मी जो शब्द शिकवत होते, तो इथे जेवायला बसला होता.

भाकर, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, वर कच्चं तेल आणि जवसाची चटणी खाता खाता मला सगळा प्रकार कळला. गयाबाईच्या मळ्यातून धामणगावच्या रस्त्याला लागायचं तर देशमुखांच्या दोन शेतांच्या मधल्या बांधावरून जावं लागतं. तिच्या सासूची सासूही तिथूनच गेली. दोन वर्षांपूर्वी देशमुखांनी त्या वाटेवर बोरीच्या काटेरी फांद्या, म्हणजे बोराट्या, आडव्या टाकल्या. दुसरा रस्ता नाल्याला वळसा घालून तीन कोसांचा. त्या रस्त्याने गेलं तर बाजार उठायच्या वेळी भाजी पोचते. नवरा मोटेवर असतो, डोक्यावरून माल नेणारी एकटी गयाबाई. वाट गेली की मळा गेला. पटवाऱ्याने नकाशा उघडून सांगितलं, वाट यात नाही. मग दुसऱ्यांदा निरखून पाहिलं आणि म्हणाला, तुमची वाडीसुद्धा नाही.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"चाललो," गयाबाई म्हणाली.

बोराट्या

दुसऱ्या दिवशी पहाटे फटफटताना मी ते पाहिलं. वाडीत एक बांबूची काठी आहे, पुढच्या टोकाला लोखंडी आकडी. ज्या घराची पाळी, त्या घराच्या दाराला ती काठी टेकवलेली असते. त्या घरातल्या माणसाने सकाळी उठून ती वाट चालायची. काम असो, नसो. डोक्यावर पाटी असो किंवा हात रिकामे असोत. "वाटेवर रोज पाय पडला पायजे," गयाबाईने मला समजावलं, "एक दिस पाय नाही पडला का थे म्हनतीन, पाहा, कोनी जातच नाही."

त्या दिवशी पाळी एका म्हाताऱ्याची होती. त्याने आकडीने बोराट्या ओढल्या, बाजूला घेतल्या, अंबाडीच्या दोरीने त्यांची मोळी बांधली आणि वाट चालून झाल्यावर ती मोळी उचलून थेट देशमुखांच्या फाटकाशी नेऊन ठेवली. आतून देशमुखांचा गडी आला. म्हातारा नम्रपणे म्हणाला, "सरकारले सांग, त्यायच्या बोराट्या वाटेत पडल्या होत्या." गड्याने मोळी उचलली. संध्याकाळी त्या पुन्हा वाटेवर. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

मी म्हटलं, "जाळून का नाही टाकत?"

"बाप्पा! त्यायच्या बोराट्या आपण काऊन जाळायच्या?" गयाबाईला खरंच धक्का बसला. "चोरी होते ना थे."

पुण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मालकाने पाटी लावली आहे: "हा रस्ता सार्वजनिक नाही." ती वाचून आम्ही सगळे सुशिक्षित लोक गेली कित्येक वर्षं लांबून जातो. ती पाटी खरी आहे की खोटी हे आजवर कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला स्वतःचा राग आला आणि त्याच तंद्रीत माझा पाय एका सुट्या बोराटीवर पडला. शिवलेली चप्पल कुचकामी ठरली. गयाबाईने माझी टाच मांडीवर घेऊन काटा काढला, वर रुईचा चीक लावला आणि म्हणाली, "आता तुमचा बी पाय पडला वाटेवर."

मी माझी शंका सोडली नाही. देशमुख कोर्टात का जात नाहीत? सिंधूने सांगितलं, "दावा लावायचा तर अमक्या वाडीतले लोक असं लिहावं लागेल. म्हणजे वाडी आहे हे त्यांनीच कबूल केलं, आणि वाडी आली की वाटही आली." मग मारहाण? दोनदा त्यांनी लाठ्या घेऊन माणसं उभी केली होती. त्या दोन्ही दिवशी एकट्या पाळीवाल्याऐवजी अख्खी वाडी चालली, कडेवरच्या लेकरांसकट. "आणि वाडीच तुमच्यावर उलटली असती तर?" मी गयाबाईला विचारलं. "मंग मी एकलीच चालली असती," ती म्हणाली. मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. एकट्या माणसाच्या मागे कुणीतरी उभं राहायलाच हवं. पण ती माझी अडचण होती. तिची नव्हती.

अर्ज

तालुक्याचे एक साहेब दौऱ्यावर धामणगावी मुक्कामाला यायचे होते. मी म्हटलं, मी अर्ज लिहिते. शाळेच्या सगळ्या अर्जांना माझंच अक्षर लागतं. गयाबाईच्या ओट्यावर अकरा घरांची माणसं जमली आणि मी झोकात वाचून दाखवलं: "...तरी मायबाप सरकारने कृपावंत होऊन सदर वाट आम्हांस देण्याची मेहरबानी करावी."

गयाबाईचा अंगठा शाईत बुडवून झाला होता. तो तिने तसाच हवेत धरला.

"थांबा. काय म्हनलं? पुन्हा वाचा."

"देण्याची मेहरबानी करावी."

"द्याची काऊन? त्यायनं नेली हाये का कुठी?"

"अहो, तशी लिहायची पद्धत असते."

"अन थे म्हनले, नाही देत, तं? आपणच मांगतली म्हनून थे नाही म्हनतीन ना. नाही मांगतली तं कायले नाही म्हनतीन?"

वकिलाने अर्धा तास घेतला असता त्या मुद्द्याला. "मग काय लिहू?"

"लिहा, वाट हाये."

"एवढंच?"

"हाव. त्यायले ठाव नाही, म्हनून सांगून राह्यलो."

मी पहिला कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: "वाडीतून धामणगावच्या रस्त्यास लागणारी वाट आहे, हे कळवतो. ती आपल्या नकाशात नाही. तरी नकाशा दुरुस्त करून घ्यावा." आयुष्यात एवढा लहान अर्ज मी लिहिला नव्हता. अंगठे उठले. सही एकच होती, स्वच्छ अक्षरातली, ती कौसाबाईची. वाडीच्या टोकाला दोन घरं आहेत, त्यांतल्या एका घरची ही बाई. त्या दोन घरांना वाडीच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. कायदा होऊन किती वर्षं झाली ते मी वर्गात शिकवते. पाळीची काठी त्यांच्या दाराशी जाते, पण त्यांची घागर विहिरीपर्यंत येत नाही.

सही करून कौसाबाई म्हणाली, "लिहूनच राह्यल्या तं इहिरीचं बी लिहा ना बाई."

गयाबाई मेथीकडे पाहत म्हणाली, "आज वाटेचं हाये."

कौसाबाईने तिच्याकडे पाहिलं, लेखणी माझ्या हातात दिली आणि निघून गेली. मी काही लिहिलं नाही. ती लाज मी पुण्याला बरोबर घेऊन आले आहे, म्हणून इथे सांगते.

पाहणी

साहेब आले. गृहस्थ चांगले होते. स्वतः बांधावर आले, बोराट्या पाहिल्या, आमचा कागद दोनदा वाचला आणि हसू दाबलं. देशमुखही आले होते. धुवट धोतर, बोलणं मऊ. त्यांनी आम्हां सगळ्यांसाठी बांधावर चहा मागवला.

"साहेब, भांडण कशाला?" देशमुख म्हणाले. "ही बाई कष्टाळू आहे. मी आत्ता लिहून देतो. गयाबाईला माझ्या शेतातून जायला माझी परवानगी आहे. जन्मभर. बोराट्या आजच उचलतो."

साहेबांचा चेहरा खुलला. माझाही. मनात म्हटलं, जिंकलो! वाडीतली माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली. गयाबाईचा नवरा, जो मी आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "घे वो, घे."

"परवानगी नको," गयाबाई म्हणाली.

साहेबांना वाटलं, तिला कळलं नाही. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं: फुकट आहे, जन्मभर आहे, लेखी आहे.

"कळलं मले. आज थे रागात हायेत, तरी मी जाते. उद्या परवानगी घेतली तं त्यायची मर्जी हाये म्हनून जाईन. मर्जी गेली का वाट गेली. अन माह्या सुनेचं काय? तिले कोन परवानगी देईन?" ती देशमुखांकडे वळली. आवाज चढला नव्हता. "सरकार, तुम्ही बोराट्या टाका. आमी उचलून आणून देऊ. पण परवानगी नका देऊ."

देशमुखांचा चहाचा कप तसाच हातात राहिला. त्या क्षणी मला समजलं की त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. दोन वर्षांत बोराट्यांनी जे झालं नाही, ते एका चिठ्ठीने होणार होतं. वाडीत ते ओळखणारी एकच बाई होती आणि तिला अक्षरओळख नव्हती. साहेब "कागद वर पाठवतो" असं म्हणाले, आणि जीप गेली. नवरा तिच्यावर चिडला, शेजारणी कुजबुजल्या. त्या संध्याकाळी गयाबाई एकटीच वांगी तोडत बसली होती. मी जवळ गेले तर डोळे पुसून म्हणाली, "चुकलं का वो बाई माहं?"

"नाही," मी म्हटलं. "बिलकुल नाही."

माझी पाळी

निघायच्या दिवशी सकाळी सिंधूने मला हलवून उठवलं. आम्ही रात्री गयाबाईकडेच राहिलो होतो, आणि काठी माझ्या उशाशी दाराला टेकवलेली होती. कुणी ठेवली ते कुणी सांगेना.

चालले. आकडीने बोराट्या ओढताना दोन्ही हात ओरबाडले, मोळी तर अशी बांधली की वाटेत दोनदा सुटली. मागून गयाबाई डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन येत होती आणि तिच्या मागे, मला वाटलं नव्हतं, बरीचशी वाडी. फाटकाशी आज गडी नव्हता. देशमुख स्वतः उभे होते.

"बाई, तुम्ही पुण्याच्या. शिकलेल्या," ते शांतपणे म्हणाले. "या लोकांचं सोडा. या वाटेवर तुमचा काय हक्क?"

एकवीस वर्षांची व्याख्या जिभेवर आली होती. मी ती गिळली.

"आत्ता चालून आले ना, तोच," मी म्हटलं आणि मोळी त्यांच्या पायाशी ठेवली. "तुमच्या बोराट्या वाटेत पडल्या होत्या."

पुणे

परवा सिंधूचं पत्र आलं. वरून हुकूम आलेला नाही, नकाशा दुरुस्त झालेला नाही. बोराट्या पडतात, मोळी परत जाते. वाट चालू आहे. पत्राच्या शेवटी तिने लिहिलं आहे:

"गेल्या आठवड्यात कौसाबाई घागर घेऊन विहिरीवर आली. सगळ्या बायका होत्या. ती म्हणाली, 'मी पानी भरून राह्यली, हे कळवते.' गयाबाई लाल झाली. खूप बडबडली. मग बडबडत बडबडतच स्वतःची घागर काठावरून खाली घेतली आणि जागा करून दिली. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. कौसाबाई रोज येते. आणि बाई, काठी माझ्या खोलीच्या दाराशी आणून ठेवली आहे. विचारलं तर म्हणतात, पुण्याच्या बाईची पाळी आली."

आज शाळेत रजेचा अर्ज लिहायला बसले. "रजा मिळावी ही विनंती" एवढं सवयीने लिहून झालं होतं. तो कागद फाडला. नव्या कागदावर मुख्याध्यापिकाबाईंना लिहिलं: "येत्या सोमवारपासून चार दिवस मी बुलढाणा जिल्ह्यात जात आहे, हे कळवते."